‘चार दिवस सासूचे’ लागली की लागले?

(गेल्या वर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी, सायंआरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बऱ्याच सभासदांनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, टीव्ही मालिकांची नावं. ते एकदम खूश झाले. मग मी म्हटलं, त्या नावांचं व्याकरण. त्यावर ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, ‘वीस मिनिटांत आटपेल ना?’ आटपेल. मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत, वेळेवर काउंटर बंद करायची मला सवय आहे.

व्याकरण म्हटलं की शाळेतली छडी आठवते, पण आज छडी नाही. रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून तुम्ही जे व्याकरण न शिकता अचूक वापरता, तेच मी तुमच्यासमोर मांडणार आहे. आणि शेवटी त्यातून एक गोष्ट मागणार आहे, ती आपल्या मुलांसाठी.

सुरुवात एका प्रश्नापासून करू. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजारांवर भाग झाले. आता मला सांगा, ‘चार दिवस सासूचे’ अकरा वर्षं चालली की चालले? चालली, बरोबर. ‘चालले’ म्हटलं तर वाक्य व्याकरणाने शुद्धच आहे, पण त्याचा अर्थ असा की कुठल्या तरी सासूबाईंचे चार दिवस अकरा वर्षं चालले. इथे बसलेल्या काही सुनांना तो अर्थही पटेल, त्यात मी पडत नाही.

बघा, नावात शब्द आहे ‘दिवस’. तो पुल्लिंगी. संख्या चार, म्हणजे अनेकवचन. आणि क्रियापद मात्र एकवचनी स्त्रीलिंगी. हे कसं झालं? ते शब्द मालिकेचं नाव झाले, त्या क्षणी त्यांच्यावर झाकण बसलं. आतला दिवस, आतली सासू, आतलं ‘चार’ हे सगळं डब्यात बंद. बाहेरच्या वाक्याला फक्त डबा दिसतो, आणि त्या डब्यावर न लिहिलेली चिठ्ठी असते, ‘मालिका’. मालिका स्त्रीलिंगी, म्हणून चालली. व्याकरणात याला विशेषनाम म्हणतात.

एरवी विशेषनाम म्हणजे गोविंद, गोदावरी, गडचिरोली असा एक शब्द. मालिकांची गंमत अशी की तिथे काहीही विशेषनाम होऊ शकतं. ‘बुनियाद’ हे साधं नाम. ‘कौन बनेगा करोडपती’ हा प्रश्न. ‘चला हवा येऊ द्या’ ही आज्ञा. ‘होणार सून मी ह्या घरची’ हे चक्क घोषणापत्र. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ हे तर उभयान्वयी अव्ययाने सुरू होणारं अर्धं वाक्य, कशाचं कारण सांगतंय ते कुणालाच माहीत नाही. आणि ‘हम लोग’! १९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. नावात आहे प्रथमपुरुषी अनेकवचन. पण ‘हम लोग’ आठ वाजता सुरू होतो, असं काही कुणी म्हणालं नाही.

काळाचंही तेच. ‘क्योंकि’ ३ जुलै २००० ला सुरू झाली. ‘कौन बनेगा करोडपती’ही त्याच दिवशी. नावात ‘थी’ आहे, भूतकाळ. तरी आपण आठ वर्षं म्हणत होतो, सास भी कभी बहू थी चालू आहे, आता लागेल, उद्या पाहू. आतला भूतकाळ बाहेरच्या वर्तमानाला हात लावत नाही. झाकण घट्ट आहे.

आता लिंगाकडे येते. मराठीत क्रियापद सारखं विचारत असतं, बाई तू कोण? लागला, लागली की लागलं? नावाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर देण्याच्या दोन वाटा आहेत. एक, शब्दाचं स्वतःचं लिंग. दुसरी, ती चिठ्ठी, मालिका नाहीतर कार्यक्रम.

या दोन वाटांची ओढाताण होते तेव्हा मजा येते. ‘अग्निहोत्र’ घ्या. शब्द नपुंसकलिंगी. ‘अग्निहोत्र सुरू झालं’ म्हटलं की डोळ्यांसमोर कुंड येतं, समिधा येतात. ‘अग्निहोत्र सुरू झाली’ म्हटलं की टीव्ही येतो. एका ईकाराने यज्ञाची मालिका झाली. पण ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्या बाबतीत ही चिठ्ठी हरली. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी ‘रामायण’ सुरू झालं. बघा, मी ‘झालं’ म्हटलं, कुणाला खटकलं नाही. २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ लागलं, तेही रविवारीच. शेजारी ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी चपलांचा ढीग. त्या ढिगात कुणी ‘महाभारत लागली’ म्हणाल्याचं आठवतंय का? नाही. २०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीत दूरदर्शनने दोन्ही पुन्हा दाखवली, तेव्हाही आपण ‘लागलं’च म्हणालो. कारण ही नावं मालिकेने दिलेली नाहीत. ती आपल्याकडे हजारो वर्षं नांदताहेत. घरात भांडण झालं तरी आपण महाभारत झालं म्हणतो आणि एखादी लांबलचक भानगड घडली की रामायण घडलं म्हणतो. ग्रंथ असो, मालिका असो की भांडण असो, लिंग तेच.

आता आपले हिंदीभाषक स्नेही इथे आहेत म्हणून सांगते. त्यांच्याकडे बहुतेक जण म्हणतात, ‘रामायण शुरू हो गई’. तेच रामायण, तेच राम, तेच अरुण गोविल, आणि भिंतीपलीकडे स्त्रीलिंग. उलट ‘सीरियल’ हा इंग्रजी शब्द त्यांनी पुल्लिंगी केला, ‘सीरियल शुरू हुआ’, आणि आपण स्त्रीलिंगी, ‘सिरीयल सुरू झाली’. कोण बरोबर? दोघेही. ज्याच्या घरी पाहुणा उतरतो, त्या घरचे कपडे घालतो.

माणसाच्या नावाची मालिका असली की आणखी एक अडचण येते. ‘दामिनी रडली’ आणि ‘दामिनी लागली’ यात काही गोंधळ नाही, कारण बाई लागत नाही आणि मालिका रडत नाही. रडवते, ते वेगळं. पण ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’! आबा आले, बसले, बोलले, सगळं आदरार्थी अनेकवचन. मालिका मात्र लागली. मालिकेला आदरार्थी बहुवचन नाही. ‘राजा शिवछत्रपती’ २००८ साली आली, तेव्हा मात्र अनेकांची जीभ अडखळली. महाराजांच्या नावापुढे ‘लागली’ कसं म्हणायचं? मग आपण काय केलं? ‘राजा शिवछत्रपती ही मालिका लागली’ असं म्हणू लागलो. न लिहिलेली चिठ्ठी उघड लिहून टाकली. वर्तमानपत्रंही हेच करतात, ‘अमुक या मालिकेत’. सगळा व्याकरणाचा भार ‘मालिका’ या हमालाच्या डोक्यावर, नाव आपलं इस्त्री केल्यासारखं कडक.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की नाम आधी जरा वाकतं. घर, घरात, घरामध्ये. वाट, वाटेत. शाळा, शाळेत. सून, सुनेला. या वाकलेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. ‘घरत’ म्हणता येत नाही, ‘सूनला’ म्हणता येत नाही. मराठी शब्द नमस्कार केल्याशिवाय प्रत्ययाला भेटत नाही.

मग मालिकेचं नाव वाकतं का? ‘वादळवाट’ आठवा. ‘वादळवाटेत काल काय झालं?’ असंही लोक म्हणत आणि ‘वादळवाटमध्ये काल काय झालं?’ असंही. ‘आभाळमायेत’ आणि ‘आभाळमायामध्ये’, दोन्ही कानावर पडायचं. दोन्ही चालायचं, कारण ही नावं एका शब्दाची आहेत, वाकवली तर वाकतात. पण वाकवलं की कधी कधी नावच हरवतं. ‘प्रपंच’ नावाची मालिका होती. ‘प्रपंचमध्ये काम करणारी बाई’ म्हणजे नटी. ‘प्रपंचात काम करणारी बाई’ म्हणजे आपण सगळ्या.

लांब नावं तर वाकतच नाहीत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ अशी चालली. नियमाप्रमाणे वाकवायचं तर ‘ची’चं ‘च्या’ होईल. समजा मी कुणाला विचारलं, ‘काल माझ्या नवऱ्याच्या बायकोचं काय झालं?’ ऐकणारी म्हणेल, अगं, तुझी तूच कशी विसरलीस! म्हणून आपण म्हणतो, ‘माझ्या नवऱ्याची बायकोमध्ये काय झालं?’ शुद्ध मराठीच्या कानाला हे ओबडधोबड वाटतं, पण तेच बरोबर आहे. ‘ची’ला ‘ची’ ठेवून आपण ऐकणाऱ्याला सांगतो की हे नाव आहे.

हिंदीतही हेच होतं. २००८ च्या जुलैपासून ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ चालू झाली. गुजराती विनोदी लेखक तारक मेहता यांच्या स्तंभावरून घेतलेलं नाव. हिंदीत चश्मा वाकतो, ‘चश्मे में’. नियम पाळायचा तर ‘तारक मेहता के उल्टे चश्मे में’ म्हणायला हवं. कुणी म्हणत नाही. एक तर ‘तारक मेहता में’ म्हणून सुटतात, नाहीतर चश्मा ताठ ठेवतात.

नाव ताठ ठेवायची ही रीत टीव्हीने आणलेली नाही. ती आपल्या देवघरात आहे. ऐका. ‘गणेशाला दूर्वा वाहिल्या.’ आणि ‘गणेशला लाडू दिला.’ पहिला कोण? हा मखरात बसलेला. दुसरा कोण? तो मागच्या रांगेत बसलेला, आता हसणारा. रामाने रावणाला मारलं, पण आमच्या शेजारच्या रामने दहावी पास केली. देवाचं नाव वाकतं, मुलाचं वाकत नाही. देवाचं नाव जुना शब्द आहे, भाषेत मुरलेला. मुलाचं नाव आपण बारशाला ठेवलं, ते जसं ठेवलं तसं ओळखू यायला हवं, म्हणून त्याला हात लावत नाही. मालिकेचंही बारसंच झालेलं असतं.

गावांच्या नावांत तर आपल्यासारख्यांचा इतिहास आहे. पुणे, पुण्यात. ठाणे, ठाण्यात. ही तर तिकडचीच गावं. पण बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, कलकत्त्यात असंही मराठी माणूस सहज म्हणतो. लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, चंडीगढमध्ये मात्र बहुधा तसंच ठेवतो. गायकवाडांबरोबर बडोद्याला, होळकरांबरोबर इंदूरला, शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला, पवारांबरोबर धार-देवासला मराठी माणसं गेली, पिढ्यान् पिढ्या राहिली. जिथे राहिली त्या गावाचं नाव त्यांच्या तोंडात वळू लागलं. आमच्या सासूबाई ‘भोपाळात’ म्हणत. माझी नात ‘भोपालमध्ये’ म्हणते. दोघी भोपाळातल्याच.

आता ती नात, आणि तिच्या वयाची तुमची-माझी सगळी मुलं. मी रविवारी आपल्या मंडळात मुलांचा मराठीचा वर्ग घेते, त्यामुळे पालक मला विचारतात, ‘ताई, हिचं मराठी दुरुस्त करू की नको? सारखं दुरुस्त केलं तर ती हिंदीत बोलते, नाही केलं तर मराठी बिघडतं.’ हा प्रश्न खरा आहे आणि सोपा नाही.

काही वर्षांपूर्वी, ‘होणार सून मी ह्या घरची’ जोरात चालू होती तेव्हाची गोष्ट. उत्सवात एका मुलीकडे सूत्रसंचालन होतं. सातवी-आठवीतली असेल. नाटुकलीची ओळख करून देताना ती म्हणाली, ‘होणार सूनमध्ये आपण पाहतो तसं...’ प्रेक्षकांतून मोठ्यांपैकी कुणीतरी जोरात म्हणालं, ‘सूनमध्ये नाही, सुनेमध्ये!’ सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. ती मुलगी दोन क्षण थांबली आणि उरलेलं सगळं निवेदन तिने हिंदीत केलं. छान केलं, टाळ्याही मिळाल्या. पण त्यानंतर मंडळात तिच्या तोंडून मी मराठी फारसं ऐकलं नाही.

ती मुलगी बरोबर होती. ‘होणार सून’ हे नाव होतं. त्या नावातली सून वाकत नाही. खऱ्या सुनेबद्दल ती ‘सूनला’ म्हणाली असती तर चूक होती, आणि माझी खात्री आहे, ती ‘सुनेला’च म्हणाली असती. कुणी शिकवलं नसताना तिने नाव आणि शब्द यांतला फरक ओळखला होता. ज्याने दुरुस्त केलं, त्याने नियम पाठ केला होता, पण कुठे लावायचा ते पाहिलं नव्हतं.

म्हणून पालकांना आणि आजी-आजोबांना मी एक साधी परीक्षा सांगते. मूल जे बोललं त्या शब्दापुढे ‘नावाची मालिका’, ‘नावाचा मुलगा’, ‘नावाचं गाव’ असं लावून बघा. लागलं, तर तो शब्द नाव आहे. मुलाने ताठ ठेवला तर ठेवू द्या, बोलू नका. ‘वादळवाटमध्ये’ ठीक. ‘रोहितला’ ठीक. ‘भोपालमध्ये’ ठीक, ‘भोपाळात’ म्हणालं तर आनंद माना. पण ‘घरमध्ये’, ‘शाळामध्ये’, ‘आईचा हातमध्ये’ असं ऐकलंत, तर तिथे मात्र थांबा. घर हे कुणाचं नाव नाही. घरमध्ये म्हणणारं मूल घराला परक्या गावासारखं वागवतंय. तिथे प्रेमाने, चार माणसांत न बोलता, पुढच्या वाक्यात आपण ‘घरात’ म्हणायचं. ‘घरमध्ये कोणी नाही’ असं ते म्हणालं तर, ‘हो का, घरात कोणी नाही? मग आजी कुठे गेली?’ बस. एवढंच. चार वेळा ऐकलं की पाचव्या वेळी ते स्वतः म्हणतं. माझ्या वर्गात हे मी दर रविवारी बघते.

आणि मुलांना हे समजावणं अवघड नाही. आपली मुलं हिंदीत वाढतात, तिथेही ‘लड़का’चं ‘लड़के को’ होतंच. शब्द वाकतो हे त्यांना माहीत आहे. हिंदीत काही थोडे वाकतात, मराठीत बहुतेक सगळे वाकतात, एवढाच निरोप त्यांना द्यायचा आहे. त्यांची हिंदी आपली शत्रू नाही, ती पायरी आहे.

जाता जाता एक विनंती, स्मरणिकेला लेख देणाऱ्यांना. मुद्रितं मी तपासते, म्हणून सांगते. मालिकेचं, नाटकाचं, सिनेमाचं नाव अवतरणचिन्हांत पूर्ण लिहा आणि प्रत्यय बाहेर ठेवा. ‘आभाळमाया’मध्ये, असं. ‘आभाळमाये’त असं लिहिलंत तर ‘आभाळमाये’ नावाची मालिका शोधत वाचक फिरेल. जमत नसेल तर ‘या मालिकेत’ म्हणून मोकळे व्हा. आणि नावातलं शुद्धलेखन सुधारू नका. ‘अवघाचि संसार’मधला ‘चि’ ऱ्हस्व आहे, तो जुन्या मराठीतून आलाय, त्याला दीर्घ करू नका. ‘ह्या घरची’मधल्या ‘ह्या’चं ‘या’ करू नका. कुणाच्या मुलाचं नाव आपण पत्रिकेत सुधारून छापत नाही, तसंच हे.

मालिका येतील आणि जातील. ‘हम लोग’ गेली, ‘वादळवाट’ गेली, ‘क्योंकि’ गेली होती ती २०२५ साली पुन्हा आली. आता मुलं मोबाइलवर कुठल्या कुठल्या भाषेतल्या मालिका बघतात, त्यांची नावं आपल्याला उच्चारताही येत नाहीत. येऊ द्यात. ती नावं ताठ राहतील आणि त्यांच्या मागे ‘मध्ये’ लागेल, त्याने मराठीला काही होत नाही. आपण फक्त ‘घरात’, ‘शाळेत’, ‘आईच्या हातात’ हे शब्द मुलांच्या कानावर पडत राहतील एवढं बघायचं. आणि मूल मराठीत बोलायला उभं राहिलं की त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं.

वीस मिनिटं झाली. कार्यवाह घड्याळाकडे बघताहेत, आणि मागच्या रांगेतल्या गणेशला लाडू हवाय. 

गणपती बाप्पा मोरया!